सल्ला : आपली माणसे, बाहेरची माणसे आणि दुसऱ्या पाळीत बंद राहणारे मशीन

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

"बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) माझा लहान कारखाना आहे. व्हॉल्व्ह आणि पंप यांचे सुटे भाग मशिनिंग करून आम्ही मोठ्या कंपन्यांना पुरवतो. एकूण ३४ माणसे आहेत. सुरुवातीपासून भरती ओळखीतूनच केली. बहुतेक माणसे दांडिया बाजार, प्रतापनगर भागांतल्या मराठी कुटुंबांतली, काही नात्यातली. आपली माणसे आपण घेतली नाहीत तर या शहरात कोण घेणार, अशी माझी भावना आहे. सध्या चारपैकी एक व्हीएमसी मशीन (धातू कापणारे संगणकीय, म्हणजे सीएनसी, मशीन) दुसऱ्या पाळीत माणसाअभावी बंद असते, तरी काम चालले आहे. मुलगी टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आता कारखान्यात लक्ष घालते. तिचे म्हणणे असे की जागा जाहीर कराव्यात, येईल त्याची परीक्षा घ्यावी आणि मुलींनाही मशीनवर घ्यावे. निम्मी भरती मुलींचीच करावी असा तिचा आग्रह आहे. जुने सुपरवायझर निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी माझ्या भाच्याला नेमायचे असे मी बहिणीला बोललो आहे. तो कॉमर्सचा पदवीधर आहे आणि बँक, ट्रान्सपोर्ट, बाहेरची कामे चांगली सांभाळतो. मुलगी म्हणते, आमच्याकडे अकरा वर्षे असलेल्या, छोटा उदेपूरकडच्या राठवा या आदिवासी समाजातील सेटरला (मशीनवर टूल लावून देणाऱ्या कारागिराला) ती जागा द्या. तो कामात सर्वांत वरचढ आहे हे मलाही मान्य आहे, पण जुनी माणसे त्याचे ऐकतील का? एकदा बाहेरचा मुलगा घेऊन दीड वर्ष शिकवला, तो जास्त पगारावर निघून गेला. समान संधीने देशाची प्रगती होते हे भाषणात ठीक आहे. मी कारखाना चालवतो, समाजकार्य नाही. मुलीला काय सांगू?"

उत्तर

आदरणीय वाचक,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. एक मशीन दुसऱ्या पाळीत माणसाअभावी बंद असते. त्या मशीनवर अडकलेले भांडवल आणि शेडचे भाडे यांना मात्र पाळीची सुट्टी नसते, आणि ज्या बडोद्यात तरसाळी आणि गोरवा येथील आयटीआयमधून दर वर्षी मुलेमुली प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात, त्याच बडोद्यात तुम्हाला ऑपरेटर मिळत नाही. ओळखीतून भरती केली की निवड जीआयडीसीतल्या सगळ्या उमेदवारांमधून होत नाही, आपल्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांच्या मुलांमधून होते. सुरुवातीला, जेव्हा आठ-दहा माणसे लागत होती, तेव्हा ते वर्तुळ पुरले असेल. आता त्या घरांतील मुले बँकांत, आयटीत आणि परदेशात गेली आहेत. समान संधीचा उत्पादनाशी काय संबंध, असे तुम्ही विचारता. तो संबंध तुमच्या शेडमध्येच उभा आहे, झाकण घातलेला.

आता हीच गोष्ट एका कारखान्याऐवजी संपूर्ण देशाच्या पातळीवर घडते असे समजा. चांग-ताई शे, एरिक हर्स्ट, चार्ल्स जोन्स आणि पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकेविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६० मध्ये तेथील डॉक्टर आणि वकील यांच्यापैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. मधल्या पन्नास वर्षांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांची उपजत बुद्धी एकाएकी वाढली असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी बंद असलेले व्यवसाय उघडले एवढेच घडले. या चौघांच्या हिशेबाप्रमाणे त्या काळात अमेरिकेचे दरडोई उत्पादन जेवढे वाढले, त्यातील २० ते ४० टक्के वाढ माणसे आपापल्या कुवतीच्या कामावर पोहोचल्यामुळे झाली. नवी यंत्रे, नवे शोध, भांडवल या सर्वांच्या शेजारी ठेवला तरी हा वाटा लहान नाही.

यामागचे कारण अर्थशास्त्र न शिकलेल्या कोणत्याही कारखानदाराला कळेल असे आहे. एखाद्या कामाचे दार काही लोकांना बंद असले की दोन ठिकाणी नुकसान होते: ज्याला ते काम उत्तम जमले असते तो दुसरीकडे हमाली करत राहतो आणि ज्याला ते बेताचे जमते तो त्या जागेवर बसून असतो. पण तिसरे नुकसान या दोहोंपेक्षा मोठे आहे आणि ते हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही. दार बंद आहे हे माहीत असलेला माणूस तयारीच करत नाही. ज्या मुलीच्या वडिलांना खात्री आहे की कोणताही कारखाना मुलीला मशीनवर उभी करणार नाही, ते तिला मशिनिस्टच्या ट्रेडला कशाला घालतील? आणि मग आपण म्हणतो की मुलींचे अर्जच येत नाहीत. याची उलट बाजूही तपासली गेली आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. पश्चिम बंगालच्या ज्या गावांत प्रधानपद स्त्रीकडे आले, तेथे पुढील काही वर्षांत आईवडिलांच्या मुलींबद्दलच्या अपेक्षा वाढल्या आणि मुलींच्या शिक्षणातील पिछाडीही भरून निघाली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळले. एका जागेवर कोण बसते हे पाहून शेजारची दहा घरे आपल्या मुलांसाठी बेत आखतात, आणि समाजाची प्रगती मला तरी या बेतांमध्ये अधिक स्पष्ट दिसते.

तुम्ही बडोद्याचे आहात, तेव्हा परदेशातले दाखले पुरेसे वाटणार नाहीत. तुमची मुलगी ज्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकली ते मूळचे कलाभवन. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केले, प्रा. गज्जर यांच्याकडे सोपवले, आणि कारागिरांच्या मुलांना समजेल अशा भाषेत रंगकाम, यंत्रशास्त्र, सुतारकाम शिकवण्याची तेथे सोय केली. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिकच्या स्थापनेत याच गज्जरांच्या बरोबरीने कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांची नावे येतात, आणि तुमच्या-माझ्या शहराचा औषध उद्योग त्यातून उभा राहिला. प्राथमिक शिक्षण महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून सक्तीचे केले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केले; मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे असेच विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे बडोदे किती पुढे होते ते कळते. अस्पृश्य मुलांच्या शाळांसाठी सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून शाळा चालू ठेवल्या गेल्या.

नोकरभरतीतही हेच धोरण होते. गायकवाडांच्या दरबारात मोठ्या जागा मराठी सरदार-मानकऱ्यांनी आपसात वाटून घेतल्या असत्या तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. तरीही या संस्थानाच्या नोकरीत अरविंद घोष १८९३ ते १९०६ पर्यंत होते, रमेशचंद्र दत्त दिवाण झाले आणि अब्बास तय्यबजी न्यायखात्याच्या शिखरावर पोहोचले. एक बंगाली, दुसरा बंगाली, तिसरा गुजराती मुसलमान. आपल्या माणसांविषयी महाराजांना ममत्व नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. (खुद्द महाराजांची निवड कुळावरून झाली होती, समान संधीने नव्हे, ही गंमत आहेच, पण कवळाण्याच्या शेतकरी घरातील त्या मुलाला अक्षरओळख झाली ती बाराव्या वर्षी दत्तक आल्यानंतर, हेही विसरू नये.)

आणि आता याच शहरातील दुसरी हकीकत सांगते, कारण तुमच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यास आले. अर्थशास्त्रातील उच्च शिक्षण घेतलेला, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर संशोधन केलेला असा माणूस त्या काळी देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही नसेल. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत. राहायला कोणी जागा देईना म्हणून ते नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. कमाटीबागेत काही तास घालवून ते मुंबईला निघून गेले. जातीवरून झालेल्या या अपमानाबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही, तो सर्वांना ठाऊक आहे. केवळ हिशेब पाहा: संस्थानाने वर्षानुवर्षे खर्च केला, दहा वर्षांच्या सेवेचा हक्क मिळवला, आणि हाती थोड्या दिवसांची नोकरी आली. महाराजांनी दार उघडले होते. दाराच्या आतल्या माणसांना आवरण्याची व्यवस्था मात्र झाली नव्हती. दप्तरातल्या शिपायाने ठरवले आणि राजाचा हुकूम तेथेच थांबला.

"जुनी माणसे त्याचे ऐकतील का?" हा तुमचा प्रश्न म्हणूनच मी हसण्यावारी नेत नाही, तो योग्य प्रश्न आहे. फक्त तो त्या सेटरच्या पात्रतेविषयीचा प्रश्न नाही, मालक म्हणून तुमच्या वजनाविषयीचा आहे. नेमणूक करून तुम्ही केबिनमध्ये जाऊन बसलात तर ते ऐकणार नाहीत. नेमणुकीची घोषणा तुम्ही स्वतः, सर्वांसमोर आणि लेखी केली पाहिजे. जॉब कोणाला द्यायचा, ओव्हरटाइम कोणाचा, रजा कोणाची मंजूर, रिजेक्शन झाले तर जाब कोणाला विचारायचा, हे सगळे त्याच्या हातून गेले पाहिजे आणि जुना कोणी त्याला वळसा घालून थेट तुमच्याकडे आला, मग तो कितीही जुना असो, तर त्याला तुम्ही परत त्याच्याकडेच पाठवले पाहिजे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत असे चार प्रसंग येतील. त्या चार प्रसंगी तुम्ही काय केले, यावरून शॉपफ्लोअर आपले मत बनवील. तुमच्या जुन्या माणसांबद्दल मला तुमच्याइतका अविश्वासही वाटत नाही: मशीन अडले की ते आजही त्यालाच हाक मारत असतील, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर ते लिहिलेले नाही.

दीड वर्ष शिकवून निघून गेलेल्या मुलाचे दुःख खरे आहे आणि त्यात अर्थशास्त्रातील एक खरी अडचणही आहे. शिकवण्याचा खर्च तुमचा आणि शिकलेल्या हातांचा फायदा शेजारच्या प्लॉटला, असे असेल तर प्रत्येक कारखानदार दुसऱ्याने शिकवण्याची वाट पाहतो आणि अखेर सगळ्या जीआयडीसीत कुशल माणसांचा दुष्काळ पडतो. समान संधीमुळे समाजाला होणारा लाभ सगळाच्या सगळा तुमच्या गल्ल्यात येणार नाही, हे मी मान्य करते; म्हणूनच या खर्चाचा काही भार समाजाने उचलायचा असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील सध्याच्या नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत, तिने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तुमच्याकडे ३४ आहेत, म्हणजे ही तुमची मर्जी राहिलेली नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, उचलते. चार-पाच उमेदवार घ्या, वर्षभर काम पाहा आणि त्यांतील चांगल्यांना कायम करा. ओळखीच्या घरातल्या मुलाबद्दल चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या खात्रीपेक्षा ही खात्री बरीच भरवशाची आहे.

शिवाय तो मुलगा का गेला असेल, याचा तुम्ही विचार केलेला पत्रावरून दिसत नाही. पगार हे कारण असेलच. परंतु जेथे सुपरवायझरची जागा भाच्यासाठी राखलेली आहे हे हेल्परलासुद्धा माहीत असते, तेथे नात्याबाहेरच्या माणसाला ऑपरेटरच्या पुढे पायरीच दिसत नाही. अकरा वर्षे थांबलेला सेटरही उद्या जाऊ शकतो. त्याच्यासारख्या माणसाला वाघोडिया किंवा सावली येथील कारखान्यांत दुसऱ्या दिवशी काम मिळेल, आणि तो गेल्यावर तुमची बाकीची तीन मशिने कोण लावणार आहे?

आपल्या माणसांविषयीची तुमची भावना मी खोटी मानत नाही. या शहरात मराठी माणूस संख्येने थोडा आहे, आणि थोड्या लोकांना एकमेकांचा आधार लागतो. ओळखीतून आलेला माणूस पळून जात नाही, त्याच्या वडिलांना सांगता येते, उचल दिली तर बुडत नाही. लहान धंद्यात या गोष्टींना किंमत आहे. पण हाच न्याय प्रत्येकाने लावला तर काय होईल ते पाहा. या शहरातील बहुतेक कारखाने, दुकाने आणि कचेऱ्या मराठी माणसांच्या मालकीच्या नाहीत. त्या सगळ्यांनी आपापली माणसेच घ्यायची ठरवले तर प्रतापनगरातल्या मुलांसाठी तुमच्या ३४ जागा उरतील. थोड्या संख्येच्या समाजाला खुल्या परीक्षेची गरज इतरांहून जास्त असते. आणि आडनाव पाहून निवड होते ही कल्पना नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले गेले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी, आणि मुसलमान नावाच्या अर्जदाराला त्याहूनही कमी होती. अर्ज चाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपण भेदभाव करत नाही असेच सांगितले असते.

समान संधी म्हणजे आरक्षण, असा समज असेल तर तोही बाजूला ठेवा. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाचा संबंध सरकारी नोकरीशी आहे, तुमच्या भरतीशी नाही. तुमच्याकडून अपेक्षित गोष्ट साधी आहे: सर्वांना कळेल असे जाहीर करायचे, सर्वांना एकच परीक्षा द्यायची आणि निकालाप्रमाणे वागायचे. मशीन शॉपमध्ये हे इतर कोणत्याही धंद्यापेक्षा सोपे आहे, कारण मायक्रोमीटरला आडनाव वाचता येत नाही. प्रत्येक उमेदवाराला एकच ड्रॉइंग द्या, त्यावरची मापे आणि टॉलरन्स वाचायला सांगा, एक तयार जॉब मोजायला द्या, आणि ज्यांना मशीन येते म्हणतात त्यांना ऑफसेट घेऊन एक नग काढायला लावा. निघालेल्या नगांवर नावाऐवजी क्रमांक टाका, तुमच्या निवृत्त होणाऱ्या सुपरवायझरना ते तपासू द्या आणि त्यांचे गुण कागदावर उतरल्यानंतरच कोणता क्रमांक कोणाचा हे उघडा. उमेदवार कोणाचा कोण, ही चर्चा त्यानंतर करायची असेल तर खुशाल करा.

मुलींच्या बाबतीत मात्र तुमची मुलगी घाई करते आहे, असे मला वाटते. निम्मी भरती मुलींची हा आकडा आधी ठरवून टाकला तर परीक्षेला अर्थ राहत नाही, आणि ज्या मुली परीक्षेत वर आल्या असतील त्यांच्याकडेही आकड्यासाठी घेतलेल्या म्हणून पाहिले जाईल. आकडा ठरवायचाच असेल तर तो अर्जांचा ठरवावा: तिने स्वतः गोरवा आणि तरसाळीला जाऊन मुलींना सांगावे की येथे अर्ज केला तर तो वाचला जाईल. ती स्वतः मशीन ओळखणारी इंजिनिअर आहे; तिने तेथे जाऊन दहा मिनिटे बोलण्याने जे होईल ते छापील जाहिरातीने होणार नाही. शहरी स्त्रियांची परिस्थिती किती मागे आहे हे तुम्हीही पाहावे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी ४१.७ टक्के काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या, आणि २०१७-१८ मध्ये हेच प्रमाण २३.३ टक्के होते, म्हणजे वाढ मोठी आहे. पण ती बरीचशी खेड्यांतील शेती आणि घरच्या धंद्यातली आहे. शहरांत हे प्रमाण २०२३-२४ मध्येही २८ टक्केच होते. शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, घरी बसलेल्या मुलींमध्ये तुमचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर असण्याची शक्यता पुरेशी आहे.

मात्र आधी सोय, मग भरती. स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह कायद्यानेच लागते आणि कपडे बदलायला बंद खोली लागते. पत्र्याचा आडोसा चालणार नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी, ती केवळ भिंतीवरच्या कागदापुरती नको. सुरुवात सकाळच्या पाळीने करा, सकाळच्या पाळीतील जे पुरुष तयार असतील त्यांना दुसऱ्या पाळीत हलवा, आणि स्त्रियांच्या रात्रीच्या कामाचा विचार लेखी संमती, ने-आण आणि सुरक्षा यांची नियमानुसार तरतूद झाल्यावरच करा. बाळंतपणाच्या रजेची धास्ती अनेक कारखानदार बोलून दाखवत नाहीत, तुम्हीही दाखवलेली नाही, पण ती मनात असेलच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ती रजा २६ आठवड्यांची आहे हे खरे. तथापि जी कामगार कर्मचारी राज्य विम्याखाली येते, म्हणजे जिचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिचा त्या काळातील पगार विमा महामंडळ देते, मालक नव्हे. तुम्ही विम्याची वर्गणी भरतच असाल. आणि पगार? एकाच कामाला स्त्रीपुरुषांस एकच पगार, हा नियम १९७६ पासून आहे.

हंसाबेन मेहता यांचे नाव बडोद्यात वेगळे सांगायला नको. १९४९ मध्ये त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, तेव्हा मुलेमुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू झालेली स्त्री देशात दुसरी नव्हती. त्या नेमणुकीने विद्यापीठ बुडाले नाही. तुमच्या शेडमध्ये एक मुलगी सीएनसीवर उभी राहिल्याने काय बुडेल, हे मला समजून घ्यायला आवडेल.

उरला भाचा. येथे मला वाटते की तुमची अडचण जातीची किंवा समाजाची नाही, बहिणीला दिलेल्या शब्दाची आहे, आणि बाकीचा युक्तिवाद त्या शब्दाभोवती नंतर गोळा झाला आहे. तुम्ही बहिणीला काय कबूल केले होते ते आठवून पाहा: मुलाला मार्गी लावीन असे, की अमुक खुर्ची देईन असे? तुमच्याच वर्णनावरून तो मुलगा बँक, वाहतूक, बाहेरचे व्यवहार उत्तम पाहतो. ज्याने कधी टूल सेट केलेले नाही त्याला सेटरांवर देखरेखीला बसवले तर पहिल्याच मोठ्या रिजेक्शनच्या वेळी त्याची फजिती होईल आणि त्याला ती जन्मभर पुरेल. मशीन दुसऱ्या पाळीत सुरू झाले की माल वाढेल, आणि वाढलेला माल पाठवणे, पैसे वसूल करणे, नवे ग्राहक मिळवणे यासाठी तुम्हाला त्याच्यासारख्याच माणसाची गरज पडणार आहे. ती जागा त्याच्यासाठी उपकाराची नसेल. सुपरवायझरची जागाच हवी असा त्याचा आग्रह असेल, तर त्यालाही तेच ड्रॉइंग आणि तोच मायक्रोमीटर द्या.

बहिणीशी तुम्ही स्वतः बोला, मुलीला पुढे करू नका. आत्याच्या डोळ्यांत ती कायमची खुपेल आणि तुम्ही मात्र बाजूला राहाल. सेटरची नेमणूक कारखान्यात जाहीर होण्याच्या आधी हे बोलणे झाले पाहिजे, फोनवर नको, घरी जाऊन, आणि भाच्याच्या नव्या कामाचा पगार आणि अधिकार ठरवूनच जा.